नापास हुकांचा तपास

ती घटना आठवायला मला काही निमित्त लागत नाही. रस्त्याने जाताना एखाद्या विहिरीवर यारी फिरताना दिसली, की आजही मी गाडी थांबवायला लावतो आणि उतरून दोराच्या टोकाचा हूक बघून येतो. घरचे हसतात. हसू देत. त्यांनी जे पाहिलं नाही ते मी पाहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. नगरजवळच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. पावसाने दगा दिलेला, आणि जो तो पाण्यासाठी जमिनीत खाली खाली चाललेला. गावोगाव विहिरी खणणं आणि जुन्या खोल करणं सुरू होतं. सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड लोखंडी बकेटीत भरायचा आणि काठावरच्या इंजिनाच्या यारीने ती बकेट वर ओढायची. बकेट तारेच्या दोराला अडकते ती एका हुकावर. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर दगडांनी भरलेली ती बकेट दिवसभर ये-जा करते. आता लक्षात आलं असेल, की त्या हुकाला केवढी किंमत आहे.

एके दिवशी सकाळी विहिरीच्या कामावरचा एक मुकादम फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन ठाण्यात आला. फडकं सोडलं तर आत मानेतून तुटलेला हूक. बकेट खाली पडली होती आणि एका मजुराच्या पायाचा चुरा झाला होता. तो कडेला सरकलेला होता म्हणून वाचला. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जबाब घेतला, जागेचा पंचनामा केला, हूक मुद्देमाल म्हणून जमा केला. ठाणे अंमलदाराने अपघाताची नोंद केली. अशा नोंदी तेव्हा रोजच होत होत्या. खरं सांगायचं तर तो हूक माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला असता.

पण त्याच आठवड्यात माझा एक खबरी आला. भंगाराचा धंदा करायचा. चोरीच्या सायकलींची माहिती द्यायला म्हणून आला आणि बोलता बोलता त्याची नजर हुकावर गेली. न विचारता त्याने तो उचलला आणि खिडकीपाशी उजेडात नेला.

"सायेब, ह्यो आकडा कुटनं आला?"

"तुला काय करायचंय? तू सायकलींचं बोल."

"सायकली ऱ्हाऊ द्या. हितं बगा, दांडीच्या आट्यांमदी लाल रंग हाय."

"असेल. मग?"

"मंग काय! वसाहतीतल्या त्या आकड्यांच्या कारखान्याचा रिजेक माल माज्याकडंच येतो, असाच लाल. पर त्यो कापून येतो, सायेब. गॅसनं दोन तुकडं करून. सबंद कदी म्हंजे कदीच येत न्हाई. ह्यो सबंद भाईर पडलाय. आतल्या कुनाचा तरी हात हाय बगा ह्यात."

सायकली राहिल्या बाजूला. मी टोपी घातली आणि हवालदाराला जीप काढायला सांगितली.

कारखाना नवा होता. हूक, साखळ्या, कप्प्या असला जड माल बनवायचा. मॅनेजर शहरी, सफाईदार बोलणारा. त्याने मला सगळी पद्धत समजावून दिली, आणि ती ऐकताना मला कबूल करावं लागलं, की आमच्या ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीपेक्षा ती कितीतरी काटेकोर होती. प्रत्येक हूक तपासनिसाच्या हाताखालून जायचा. ज्यात खोट निघेल त्याला तिथल्या तिथे लाल ऑइलपेंट फासायचा. लाल माल जाळीच्या पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कुलूप, किल्ली तपासनिसाकडे. किती नग बाद झाले याचं एक जाड कागदाचं कार्ड भोकं पाडून मुंबईला हेड ऑफिसला जायचं. मग ते नग गॅसने कापायचे आणि कापल्याचं दुसरं कार्ड जायचं. मुंबईला एक गणकयंत्र होतं. ते दोन्ही कार्डं जुळवायचं आणि एका नगाचा जरी फरक पडला तरी बोंब मारायचं.

"आणि साहेब, यंत्राचा हिशेब चोख आहे," मॅनेजर म्हणाला. "जेवढे बाद झाले तेवढे कापले गेलेत. आमचा रिजेक्ट हूक बाहेर जाणं शक्यच नाही."

मी तुटका हूक त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला. "मग हा काय आभाळातून पडला?"

त्याने हूक बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. माल त्यांचाच होता. मग त्याने हळूच तपासनिसाचं नाव घेतलं. किल्ली त्याच्याकडे, कार्डं त्याच्या सहीची. ज्याला विचारावं तो त्याच्याचकडे बोट दाखवत होता. कारखान्यात त्याला 'नापास मास्तर' म्हणत. लोकांनी घाम गाळून केलेला माल हा माणूस भिंगातून बघायचा आणि एक शब्द न बोलता लाल कुंचला फिरवायचा. भट्टीवाले, लेथवाले, सगळे त्याच्याविरुद्ध जबाब द्यायला एका पायावर तयार. आता माझा अनुभव असा, की ज्याच्याविरुद्ध गाव इतक्या हौसेने बोलतं त्याच्याविरुद्ध बहुधा पुरावा नसतो. तरी रीत ती रीत. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवला.

तिशीचा, डिप्लोमा झालेला, कडक इस्त्रीची पॅन्ट. खुर्चीत ताठ बसला. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. माझा नेहमीचा आवाज ऐकून भलेभले पाणी मागायचे.

"रिजेक्ट माल किती दिवसांपासून विकतोयस?"

त्याची नजर टेबलावरच्या हुकाच्या मोडलेल्या तोंडावर होती. त्याने विचारलं, "हात लावू का?"

मी मान हलवली. त्याने हूक फिरवून पाहिला. मोडलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट आणि अर्धा चकचकीत होता. काळ्या भागावर बोट ठेवून तो म्हणाला, "ही चीर आधीपासूनची आहे. दसऱ्याच्या आधी भट्टीत एक घाण, म्हणजे एका वेळचा सगळा माल, बिघडला होता; तापलेले हूक बुडवायचं तेल फार थंड झालं होतं. त्यातले चाळीसेक हूक मी बाद केले होते. त्यातलाच हा." आणि मग त्याचा आवाज एकदम बदलला. "साहेब, बाकीचे कुठे आहेत?"

"ते तू सांगायचंस."

"मला माहीत असतं तर मी इथे बसलो असतो का? एक गेला म्हणजे बाकीचेही गेलेत. ह्या चिरा डोळ्याला दिसत नाहीत. आत्ता या क्षणी कुठल्यातरी विहिरीत माणसं काम करतायत आणि त्यांच्या डोक्यावर हे टांगलेले आहेत. मला कोठडीत टाका, मारायचं तर मारा. पण आधी ते शोधा हो!"

मी पुष्कळ आरोपी पाहिले. रडणारे पाहिले, देवाच्या शपथा घेणारे पाहिले. पण स्वतःच्या सुटकेबद्दल एक चकार शब्द न काढता मलाच कामाला लावणारा हा पहिला. राग यायला हवा होता, आला नाही. कारण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चोर सापडायला महिना लागला तरी चालतो. हे प्रकरण थांबणारं नव्हतं.

मी हूक पुन्हा हातात घेतला. चोराने रंग पुसला असता तर आट्यांमधलाही खरवडून काढला असता, कारण तोच त्याला अडकवणार. इथे तर वरवर पुसलेलं, घरातलं भांडं पुसावं तसं. आणि मानेच्या खाली तेलकट, पिवळसर काहीतरी वाळून बसलेलं. मी नखाने खरवडलं आणि हवालदारापुढे धरलं. तो अकोल्याकडचा, भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातला. त्याने वास घेतला.

"साहेब, ही हळद हाय. खंडेनवमीला आमी कोयत्या-इळ्यांना अशीच लावतो."

खंडेनवमी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तपासनिसाकडे वळलो. "कारखान्यात पूजा कुठे मांडता?"

"पिंजऱ्यापुढच्या मोकळ्या जागेत. पण मी तेव्हा रजेवर होतो, गावी गेलो होतो. पिंजऱ्याला चुना मारायचा होता म्हणून किल्ली फोरमनकडे दिली होती."

तसाच त्याला जीपमध्ये घातला आणि कारखाना गाठला. पूजेची तयारी कोणी केली होती असं विचारल्यावर झाडलोट करणाऱ्या बाईंना बोलावलं गेलं. पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, हातात खराटा तसाच. पोलीस बघून त्या जराही बिचकल्या नाहीत.

"बाई, पूजेच्या दिवशी पिंजऱ्यातले लाल हूक बाहेर काढले होते का?"

"काढले हुते की. चुना माराया पिंजरा रिकामा केल्ता. समदे आकडे थितंच, द्येवाच्या म्होरं ढीग करून ठिवल्याले."

"मग?"

"मंग काय? मी म्हनलं, बरबटल्यालं लोखंड द्येवाम्होरं कसं ठिवायचं? राकेलचा बोळा घेतला नि पुसून काढले समदे. लई येळ लागला बगा. हात सोलून निगाले माजे."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. मी त्याला खुणेने गप्प बसवलं.

"आणि हळद कोणी लावली?"

"मीच लावली. नव्या मालाला पोरांनी तेलात कालवून शेंदूर लावला. चांगला जाड, लालभडक. ह्येंच्याकडं कुनी बगंना. मंग मी ह्येंलाबी हळदीचं बोट लावलं. त्येंनी काय पाप केलं हुतं?"

तपासनीस त्यांच्याकडे बघतच राहिला. बाई बिचाऱ्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या, आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना.

पुढचं उलगडायला फार वेळ लागला नाही. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, तपासनीस गावाहून परतायच्या आत, पूजेचा पसारा आवरला गेला. पॅकिंगवाल्याला एकच नियम माहीत, स्वच्छ माल खोक्यात. त्याने पुसलेले हूक पाहिले, त्यांना हळदीचं बोट लागलेलं, म्हणजे तर पूजेचा माल! तिथे पूजेचा माल सर्वांत आधी बाहेर पाठवायची प्रथा होती, शकुनाचा म्हणून. त्याने ते हूक सणानंतरच्या पहिल्याच खोक्यांत घातले. गॅस कटरवाल्यालाही एकच नियम माहीत, लाल ते कापायचं. त्याच्यासमोर शेंदराने लाल झालेला चांगला माल होता. कार्डावर जेवढा आकडा लिहिलेला तेवढे हूक त्याने मोजून कापले, आणि उरलेल्यांचा शेंदूर, आता पूजा झाली म्हणून, पुसून टाकला.

"लाल म्हंजे रिजेक, सायेब," तो मला काकुळतीने सांगत होता. "मला त्येवडंच सांगितल्यालं हाय. मी काय वंगाळ केलं?"

काहीच नाही. तेच तर! बाईंनी देवाचं केलं, पॅकिंगवाल्याने नियम पाळला, कटरवाल्याने नियम पाळला, मुंबईच्या यंत्राने जमा-खर्च जुळवला आणि तो पैन् पै जुळला. चांगला माल भंगारात गेला आणि मोडका माल विहिरींवर. मी चोर शोधायला आलो होतो आणि तिथे चोरच नव्हता. चोराला एक बरं असतं, त्याला भीती असते, तो कुठेतरी चुकतो. इथे प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता.

आता ती पहिली खोकी गेली कुठे, हा प्रश्न होता. मॅनेजर म्हणाला, मुंबईच्या यंत्राला विचारू. मी म्हटलं, ज्या यंत्राने इतके दिवस सगळं ठीक असल्याचं सांगितलं त्यालाच? पण दुसरा मार्ग नव्हता. कारखान्यातल्या विक्रीच्या कागदांत शोधायचं म्हटलं तर दसरा ते संक्रांत एवढ्या काळाची, तारखांचा मेळ नसलेली बाडं होती. वरिष्ठांना ट्रंक कॉलवर कळवून मी तपासनिसाला घेऊन मुंबईला निघालो. त्याला न्यायचा की नाही यावर हवालदाराचं आणि माझं वाजलं. "पळून गेला तर साहेब?" तो म्हणाला. मी म्हटलं, हा माणूस पळाला तर विहिरींकडेच पळेल.

त्या यंत्राच्या खोलीत आम्हाला बूट काढायला लावले. देवळात काढतो तसे, आणि आत गेल्यावर वाटलंही तसंच. खोली बर्फासारखी गार, नगरच्या थंडीत नसतो एवढा गारवा. कपाटांएवढी यंत्रं, त्यांवर फिरणाऱ्या चकत्या. साडी नेसलेल्या एक तरुण बाई तिथल्या प्रमुख होत्या. त्यांनी मला सांगितलं, की यंत्राने काय करायचं हा हुकूमसुद्धा कार्डांवर भोकं पाडूनच द्यावा लागतो, आणि त्या हुकुमाला प्रोग्रॅम म्हणतात. त्यांनी प्रकरण ऐकलं. ऐकता ऐकता त्या पांढऱ्या पडल्या.

"आम्ही यंत्राला किती कापले एवढंच विचारत होतो," त्या म्हणाल्या. "कोणते कापले, हे कधी विचारलंच नाही. ते विचारल्यावाचून सांगत नाही हो."

मग दसऱ्यानंतरची पहिली खोकी कोणाला गेली, असा नवा हुकूम त्यांनी लिहिला. विक्रीच्या कार्डांचा गठ्ठा, वीतभर नव्हे, चांगला हातभर, यंत्राच्या तोंडात ठेवला. आणि काय सांगू! कार्डं सूं सूं करत आत जायला लागली, डोळ्याला एकेक दिसेना. आपोआप वेगळी होऊन वेगवेगळ्या कप्प्यांत पडायला लागली. माणसाचा हात लागत नव्हता. एका गुन्ह्याचे कागद हुडकायला आमचे तीन कारकून आठवडा घालवायचे, आणि इथे माझा चहा संपायच्या आत दुसरं यंत्र खडाखडा छापायला लागलं. मी कप तसाच हातात धरून उभा राहिलो. तोंड उघडंच होतं असं तपासनिसाने नंतर सांगितलं. अशी गोष्ट जन्मात पाहिली नव्हती आणि खोटं कशाला बोलू, मी त्या यंत्राला हात जोडले. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

यंत्राने तीन दुकानदार सांगितले. एक नगरचा, एक आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरचा आणि एक पाथर्डीकडचा. त्यापुढे हूक कोणी विकत घेतले, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिथून पुढे आमचं काम. बिनतारी संदेश गेले. प्रत्येक ठाण्याने पोलीस पाटलांना कळवलं, पोलीस पाटलांनी कोतवालाला, आणि गावागावांत दवंडी पिटली गेली, की दसऱ्यानंतर नवा हूक घेतला असेल तर यारी बंद ठेवा, माणसं वर घ्या. मला वाटलं होतं, कोण ऐकणार? पाण्यासाठी जीव टाकणारी माणसं ती, एक दिवस काम थांबलं तर पाणी एक दिवस लांबायचं. पण दुसऱ्या दिवशी जीपमधून फिरलो तर जिकडेतिकडे याऱ्या उभ्या. इंजिनांची धडधड नाही. लोक काठावर बसून आमची वाट बघतायत. यंत्र पाहून मी थक्क झालो होतो खरा, पण इथे मी जीपमधून उतरून टोपी काढली. त्यांनी आमच्या एका शब्दावर काम थांबवलं होतं.

तपासनीस प्रत्येक ठिकाणी तेच करायचा. हूक सोडवायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. चांगला हूक पांढराशुभ्र राहायचा. चिरलेला असेल तर चिरेत लपलेलं रॉकेल हळूहळू वर यायचं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटायची. रेघ उमटली की बघ्यांच्या तोंडून "आगं आयो" निघायचं. तो हूक आम्ही तिथेच घणाने मोडायचो आणि कारखान्याने दिलेला नवा हूक द्यायचो. बेलापूरचा दुकानदार तर आपली सायकल काढून स्वतःच गिऱ्हाइकांच्या मागे फिरला. एकामागून एक हूक सापडत गेले.

शेवटचा राहिला तो पाथर्डीच्या पुढे, माळावरच्या एका वस्तीत. तिथे दवंडी पोचलीच नव्हती. लांबूनच इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि तपासनीस चालत्या जीपमधून उतरायला बघायला लागला. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. उतरल्याबरोबर शिट्टी फुंकली. यारीवाला दचकला आणि त्याने इंजिनाचा खटका पाडला. झालं! भरलेली बकेट मधोमध लटकत राहिली. आत डोकावलो तर खाली दोन बाया आणि एक माणूस, माना वर करून बघतायत.

"कडेला!" मी ओरडलो. "भिंतीला चिकटून उभे राहा! हलू नका!"

"इंजिन सुरू करा," तपासनीस यारीवाल्याला म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता, की मी चमकून बघितलं. "दादा, अगदी सावकाश. झटका द्यायचा नाही. आई लेकराला पाळण्यातून उचलते तसं उचला."

बकेट वर यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तार कुरकुरत होती. बकेट काठाच्या वर आली, बाजूला फिरली, जमिनीला टेकली. हवालदाराने वाकून खालच्या तिघांना वर यायला सांगितलं.

खालची माणसं कडेला ठोकलेल्या पायऱ्यांवरून वर आली. तोवर हुकाला खडू फासून झाला होता. रेघ उमटली, आणि ती थांबेचना. मानेभोवती फिरत फिरत जवळजवळ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. दोन बोटांएवढं लोखंड तेवढं शाबूत होतं. त्यावर ते लोक दिवाळीपासून दगड ओढत होते.

त्यातली थोरली बाई पुढे आली. अंगभर दगडाची पांढरी धूळ. ती रेघेकडे बघत राहिली आणि मग तपासनिसाला म्हणाली, "तुमी कोन?"

"मी कारखान्यात माल तपासतो. हा हूक मी नापास केला होता."

"नापास केल्ता? मंग आमच्या डोक्यावर कुनी टांगला?"

उभ्या नोकरीत हा प्रश्न मी लोकांना विचारत आलो, कोणी केलं, सांग, कोणी केलं? त्या दिवशी तो मला कोणीतरी विचारला असता तर मी गप्प बसलो असतो. तपासनीस गप्प बसला नाही.

"आम्ही सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला.

बाईने त्याला खालपासून वर बघितलं. मग नव्या हुकाकडे हनुवटी केली. "आनि ह्यो? ह्यो पास हाय म्हंता. आमी कशावरनं धरायचं?"

नवा हूक त्याने तिच्या देखत तपासला, यारीला चढवला, आणि कडक इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पायऱ्यांवरून विहिरीत उतरायला लागला. मी हाक मारली, त्याने ऐकली नाही. तळाला जाऊन त्याने पाटीपाटीने बकेट शिगोशीग भरली. मग बरोबर तिच्या खाली, मधोमध उभा राहिला, वर बघत, आणि हाताने खूण केली, उचला.

बकेट त्याच्या डोक्यावरून वर आली. तो जागचा हलला नाही. बाईने पदर कमरेला खोचला आणि ती पायऱ्या उतरायला लागली. तिच्या मागोमाग बाकीचे दोघेही उतरले.

त्या गुन्ह्याचा मी 'सी समरी' अहवाल पाठवला. म्हणजे गैरसमजातून घडलेलं, आरोपी कोणी नाही. कारखान्याने पद्धत बदलली. बाद हूक नुसता रंगवून ठेवायचा नाही, तपासनिसाने त्याच जागी, स्वतःच्या हाताने मोडायचा. मुंबईच्या बाईंनीही प्रत्येक घाणाला आणि प्रत्येक हुकाला वेगळा नंबर दिला, आणि यंत्र आता कोणते कापले हेही विचारायला लागलं. झाडणाऱ्या बाईंना कोणी बोललं नाही. तपासनिसाने तसं बजावलं होतं.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी माणसं पकडायला शिकलो होतो. ह्या एका तपासात मी वेगळंच शिकलो. काम चोख झालं असं कागद म्हणतो, यंत्र म्हणतं, आपणही म्हणतो; पण ज्याने 'पास' म्हटलं तो त्या वजनाखाली उभा राहायला तयार आहे का, हे मी त्यानंतर विचारायला लागलो. पुष्कळांना विचारलं, साहेबांना विचारलं, पुढाऱ्यांनाही विचारलं. विहिरीत उतरलेला मला तो एकटाच भेटला.